दाराला पत्रपेटी नसलेली खोली

तक्रार कुकरच्या शिट्टीवरून झाली. शेजारच्या इंग्रज आजींनी कौन्सिलला, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेला, लिहिलं होतं की बाजूच्या घराच्या मागच्या शेडमधून रोज सकाळी सातच्या सुमाराला वाफ कोंडून सुटल्यासारखा आवाज येतो, थांबतो, पुन्हा येतो; आत बॉयलर तर बिघडला नाही ना? आपल्यापैकी कोणालाही हे वाचून हसू येईल. कौन्सिलच्या अधिकाऱ्याला आलं नसावं. त्याने फाइल उघडून 'आउटबिल्डिंगचा निवासी वापर, संशय' अशी नोंद केली आणि भेटीची तारीख टाकली.

मी लंडनमध्ये प्लॅनिंगच्या, म्हणजे बांधकाम आणि जागेच्या वापराच्या परवानग्यांच्या, क्षेत्रात काम करते. हे प्रकरण मांडताना घर, माणसं आणि तारखा मी जुळवून घेतल्या आहेत, कारण अशा घरांत राहणाऱ्यांची ओळख उघड करण्यात शहाणपण नाही. कलमं आणि त्यांचा अर्थ मात्र आहे तसाच आहे. शेडमध्ये राहणं नियमाबाहेरचं होतं, यावर शेवटी फारसा वाद उरला नाही. वाद झाला तो पाकिटांवरून: नोटिशीची प्रत कोणाला दिली, कुठे टाकली आणि कोणाला दिलीच नाही.

घर पश्चिम लंडनमधलं, १९३०च्या दशकात बांधलेलं. भिंतीला भिंत लागून दोन घरांची जोडी, मागे लांबट बाग आणि बागेच्या टोकाला विटांचं शेड. मालक पुण्याचे. नोकरीनिमित्त इथे होते तेव्हा त्यांनी घर घेतलं, २०१६मध्ये ते परत गेले आणि घर एजंटच्या हाती दिलं. आपण त्यांना काका म्हणू. शेड त्यांनीच बांधलं होतं, व्यायामासाठी आणि अडगळीसाठी. राहत्या घराला पूरक म्हणून वापरायचं असेल तर मर्यादेतल्या अशा बांधकामाला वेगळी परवानगी लागत नाही. पुढे मुख्य घर एका कुटुंबाला भाड्याने गेलं आणि कधीतरी शेडमध्ये ओटा, शेगडी आणि शॉवर आला. सप्टेंबर २०२३पासून तिथे नाशिकचं एक तरुण जोडपं राहत होतं. ती विद्यापीठात, तो गोदामात रात्रपाळीला. भाडं रोख, मुख्य घरातल्या भाडेकरूच्या हातात. कागद एकही नाही. शेडला दार होतं, कुलूप होतं, खिडकीला पडदा होता. पत्रपेटी नव्हती. त्यांची पत्रं पुढच्या दारातून यायची आणि जिन्याखालच्या चपलांच्या कपाटावर पडून राहायची.

काकांना हे सगळं ठाऊक होतं का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एजंटला नक्की ठाऊक होतं.

अधिकारी फेब्रुवारी २०२४मध्ये येऊन गेला. शेड बंद होतं. बाजूच्या बोळातून त्याने फोटो काढले: दोरीवर वाळत घातलेले कपडे, दाराशी दोन जोडी बूट, खिडकीच्या काचेपलीकडे शेगडी. मार्चमध्ये कौन्सिलने काकांना प्लॅनिंग कॉन्ट्राव्हेन्शन नोटीस पाठवली. इथे तिला सगळे पीसीएन म्हणतात. हिच्यात फक्त प्रश्न असतात: जागेत काय चालतं, कोण राहतं, कोणाचा काय हक्क आहे. २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि जाणूनबुजून खोटं उत्तर देणं हा गुन्हा आहे. काकांच्या सहीचं उत्तर आलं: शेडमध्ये व्यायामाचं सामान आणि जुनं फर्निचर आहे, तिथे कोणी राहत नाही.

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते सगळ्यांना नडतं.

इंग्लंडमध्ये परवानगीशिवाय बांधकाम करणं किंवा वापर बदलणं हा सहसा लगेच गुन्हा ठरत नाही. गुन्हा घडतो तो एन्फोर्समेंट नोटीस, म्हणजे नियमभंग थांबवण्याचा कौन्सिलचा लेखी आदेश, अमलात आल्यावर, तिची मुदत संपूनही ती पाळली नाही तर. त्याला होणाऱ्या दंडाला आता वरची मर्यादा नाही. म्हणजे सगळा दरारा त्या एका कागदात आहे, आणि म्हणूनच तो कागद कोणाच्या हातात पडला याला महत्त्व आहे. १९९०च्या टाउन अँड कंट्री प्लॅनिंग ॲक्टचं कलम १७२ सांगतं की प्रत मालकाला आणि भोगवटादाराला, म्हणजे जागा प्रत्यक्ष वापरणाऱ्याला, बजावायची. शिवाय जागेत ज्याचा हितसंबंध आहे आणि त्यावर नोटिशीचा ठळक परिणाम होईल असं कौन्सिलला वाटतं, त्यालाही. बँकेकडे घर गहाण असेल तर बँक इथे येते.

बजावणीला दोन अटी आहेत. नोटीस निघाल्यापासून २८ दिवसांच्या आत प्रत गेली पाहिजे, आणि नोटीस अमलात येण्याच्या तारखेच्या किमान २८ दिवस आधी गेली पाहिजे. आपल्या घराची नोटीस सोमवारी, ३ जून २०२४ला निघाली. त्यात लिहिलं होतं: परवानगी न घेता आउटबिल्डिंगची स्वतंत्र राहती जागा केली आहे, हा वापर थांबवा, ओटा, शेगडी आणि शॉवर काढा, मुदत सहा महिने. अमलात येण्याची तारीख ८ जुलै. आता बोटं मोजा. पहिल्या अटीने १ जुलैपर्यंत वेळ होता, पण दुसरीने फक्त १० जूनपर्यंत. कौन्सिलने तारखा अशा घातल्या होत्या की हाताशी जेमतेम एक आठवडा राहिला.

५ जूनला दुपारी अधिकारी आला. त्याच्याकडे तीन पाकिटं होती. एकावर मुख्य घरातल्या भाडेकरूचं नाव, दुसऱ्यावर 'मालक', तिसऱ्यावर 'भोगवटादार' आणि खाली घराचा नंबर. तिन्ही त्याने पुढच्या दाराच्या पत्रपेटीत टाकली, दाराचा फोटो काढला, बजावणीच्या फॉर्मवर वेळ लिहिली आणि गेला. आणखी एक प्रत लँड रजिस्ट्रीत नोंदवलेल्या काकांच्या पुण्याच्या पत्त्यावर टपालाने गेली, एक बँकेला. मागच्या शेडपर्यंत तो त्या दिवशी गेलाच नाही. पुढच्या दारापासून तीस पावलं असतील.

पाकिटं पडली ती पिझ्झाच्या पत्रकांवर, मिनीकॅबच्या कार्डांवर आणि जुने कपडे मागणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीवर. भाडेकरूने स्वतःच्या नावाचं फोडलं. बाकी दोन त्याने मीटरच्या कपाटात ठेवली. का, हे विचारल्यावर तो म्हणाला, "माझं नाव नव्हतं ना त्यावर." या देशात 'द ऑक्युपायर' असं लिहिलेली पत्रं रोज येतात: खिडक्या बदलून घ्या, ब्रॉडबँड बदला, मतदार नोंदणी करा. दहातली नऊ सरळ कचऱ्यात जातात, आणि नेमकी दहावी अशी निघते.

कायद्यालाही हा धोका माहीत आहे. कलम ३२९मध्ये बजावणीच्या रीती दिल्या आहेत: हातात देणं, नेहमीच्या किंवा शेवटच्या ठाऊक पत्त्यावर ठेवणं, रजिस्टर किंवा रेकॉर्डेड टपालाने पाठवणं. भोगवटादाराला बजावताना नाव माहीत असायची गरज नाही. 'भोगवटादार' असं लिहून त्या जागेचं वर्णन केलं की पुरतं. त्याशिवाय आणखी एक वाट ठेवलेली आहे. पाकिटावर 'महत्त्वाचे: या पत्राचा तुमच्या मालमत्तेवर परिणाम होतो' अशा अर्थाची ठरावीक इंग्रजी ओळ ठळक छापायची, आणि ते त्या जागेतल्या कोणाच्याही हाती द्यायचं किंवा तिथल्या एखाद्या वस्तूवर सहज दिसेल असं चिकटवायचं. पुण्यात दारावर नोटीस डकवून पंचनामा करतात, त्याचाच हा सावत्रभाऊ. आपल्या तिसऱ्या पाकिटावर ती ओळ नव्हती. 'मागची आउटबिल्डिंग' असं वर्णनही नव्हतं.

शेडमधल्या दोघांना नोटिशीचा पत्ता लागला तो १९ जुलैला, ती अमलात येण्याची लिहिलेली तारीख उलटून अकरा दिवस झाल्यावर. भाडेकरू बागेतून आला आणि म्हणाला की कौन्सिलचं लफडं झालंय, आठवड्याभरात निघा. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात कोणीतरी त्यांना माझं नाव सांगितलं आणि दोघं माझ्याकडे आली. तिला पाचवा महिना होता, बाळंतपण डिसेंबरात. "ताई, आम्हाला पोलीस पकडतील का?" हा तिचा पहिला प्रश्न. "आमचं नाव कुठे लागलं तर व्हिसाचं काय?" हा त्याचा.

आधी घरातून काढण्याचं बघितलं, कारण आठवडा तोंडावर होता. एन्फोर्समेंट नोटिशीने भाड्याचा करार मोडत नाही. कौन्सिल मालकाला वापर थांबवायला सांगते. राहणाऱ्याला बाहेर काढायचं असेल तर घर देणाऱ्याला भाडेकायद्याच्या वाटेनेच जावं लागतं. स्वतंत्र दार, स्वतंत्र स्वयंपाक, भाडं दिलं जातंय, घर देणाऱ्याशी काहीच सामाईक नाही. असं असलं की कागद नसला तरी भाडेकरार झाला असंच बहुतेक वेळा धरलं जातं. तेव्हा लागू असलेल्या नियमांनी लेखी नोटीस, किमान दोन महिने आणि शेवटी कोर्टाचा आदेश, एवढं लागलं असतं. भाडेकरूला हे एका पत्रात कळवलं. तो गप्प बसला. त्यालाही स्वतःच्या डोक्यावरचं छप्पर सांभाळायचं होतं.

मग मूळ प्रश्न: ही दोघं कायद्याच्या भाषेत भोगवटादार होती का? नोटिशीच्या कामापुरता कायद्यात भोगवटादाराची व्याख्या नाही. वाचकांपैकी पुण्या-मुंबईत भाड्याने राहिलेल्या प्रत्येकाने 'लीव्ह अँड लायसन्स'वर सही केलेली असेल, त्यामुळे लायसन्स म्हणजे हक्क नव्हे, नुसती मुभा, हे वेगळं समजवायला नको. इंग्लंडमध्येही लायसन्सवर राहणाऱ्याचा जमिनीत हितसंबंध नसतो. मग नुसत्या मुभेवर राहणारा भोगवटादार होतो का? ब्रॉम्ली कौन्सिलच्या १९७२च्या खटल्यात हा प्रश्न अपील कोर्टापुढे आला होता, कॅरॅव्हॅनमध्ये राहणाऱ्यांच्या बाबतीत. कोर्टाने दाखवलेली दिशा अशी: कागदाला काय म्हणतात ते बाजूला ठेवा, माणूस तिथे किती काळ आहे आणि त्या जागेवर त्याचा ताबा किती आहे ते बघा. शनिवार-रविवारी तंबू ठोकणारा भोगवटादार होत नाही. कॅरॅव्हॅनलाच घर करून वर्षभर राहणारा होऊ शकतो. नाशिकच्या जोडप्याकडे किल्ली होती, पडदा त्यांचा होता, आणि शिट्टी तर अख्ख्या गल्लीने ऐकली होती.

म्हणजे प्रत त्यांना मिळायला हवी होती, आणि मिळाली नाही. मग नोटीस रद्द?

इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो, वकिलांचासुद्धा. मालकाला वाटतं, कौन्सिलने एक पाकीट चुकवलं की सगळं कोसळलं. कलम २८५ म्हणतं, बजावणीची तक्रार असेल तर ती अपिलातच मांडायची, कोर्टात वेगळा दावा लावून नाही. कोर्टात खटला झाला तर एक अरुंद दार उघडं राहतं: नोटीस निघण्याआधीपासून जागेत हितसंबंध असलेला, प्रत न मिळालेला, नोटिशीची माहिती नसलेला आणि माहिती असायला हवी होती असं म्हणता न येणारा, आणि तरीही बजावणी न झाल्यामुळे मोठं नुकसान सोसलेला. या चारही अटी एकाच माणसात जुळणं कठीण. आणि अपिलात गेलात तर कलम १७६ तिथे बसलेलंच आहे: प्रत न मिळाल्याने अपील करणाऱ्याचं किंवा त्या माणसाचं मोठं नुकसान झालेलं नसेल, तर मंत्री, म्हणजे व्यवहारात त्यांच्या वतीने निकाल देणारा इन्स्पेक्टर, त्या चुकीकडे दुर्लक्ष करू शकतो.

म्हणजे खरी लढाई 'पाकीट आलं का' यावर फारशी नसते. ते न आल्याने काय गमावलं, हे सांगता आलं पाहिजे.

दोघांनी स्वतः अपील करायची वेळ निघून गेली होती. अपील नोटीस अमलात येण्याच्या तारखेआधीच करावं लागतं; ८ जुलै उजाडली की संधी गेली. कितीही खरं कारण द्या, मुदत वाढवण्याचा अधिकार कोणाकडेच नाही. हितसंबंध नसलेल्या, लायसन्सवर राहणाऱ्यालाही अपिलाचा हक्क आहे, नोटीस निघाली तेव्हा आणि अपील करताना तो तिथे राहत असला तर. पण हक्क असून उपयोग काय, जिच्यामुळे तो वापरायचा ती नोटीस मीटरच्या कपाटात पडलेली असेल तर? इथे कौन्सिलची चूक मला अक्षम्य वाटते. ज्या नोटिशीत 'इथे लोक राहतात' हाच आरोप आहे, ती नोटीस तिथे राहणाऱ्यांना सोडून सगळ्यांना बजावली. लंडनमधल्या बँकेला मिळाली, पुण्यातल्या काकांना मिळाली, आणि तीस पावलांवर झोपलेल्या माणसाला नाही.

काकांचं अपील मात्र वेळेत गेलं होतं, ५ जुलैला. अपिलाचे मुद्दे इंग्रजी अक्षरांनी ओळखले जातात. त्यांनी तीन घेतले: 'डी', म्हणजे वापर इतका जुना झालाय की कारवाईची मुदत संपली, 'ई', म्हणजे प्रती नीट बजावल्या नाहीत, आणि 'जी', म्हणजे दिलेला अवधी अपुरा आहे. 'ए', म्हणजे परवानगीच द्या, हा मुद्दा त्यांनी सोडला. त्यासाठी अर्जाच्या दुप्पट शुल्क पडतं, एका घरासाठी तेव्हा ५७८ पौंडांचे १,१५६ झाले असते, आणि बागेच्या टोकाच्या त्या खोलीला परवानगी मिळण्याची आशा त्यांच्या सल्लागारालाही नव्हती.

अपिलाचे कागद हाती आले तेव्हा मी चहा बाजूला ठेवला. 'डी'खाली लिहिलं होतं: शेडमध्ये २०१९पासून सलग लोक राहत आहेत, त्यामुळे चार वर्षांची मुदत उलटली. (एप्रिल २०२४च्या बदलाने इंग्लंडमध्ये ही मुदत सरसकट दहा वर्षांची झाली, पण २५ एप्रिलच्या आधी झालेल्या अशा बदलांना चार वर्षांचाच नियम लागू राहिला.) 'ई'खाली लिहिलं होतं: शेडमध्ये राहणाऱ्या कुटुंबाला प्रत मिळाली नाही, हा त्यांच्यावर घोर अन्याय आहे. आणि मार्चमधल्या पीसीएनवर त्याच सहीने लिहिलं होतं: तिथे कोणी राहत नाही.

एकाच घरात, एकाच वर्षात, कोणीही राहत नव्हतं आणि पाच वर्षं सलग राहत होतं. ज्यांच्यावर अन्याय झाला म्हणून काका कळवळले होते, त्यांचं नावही त्यांना ठाऊक नव्हतं. दुसऱ्याच्या खांद्यावरून बंदूक चालवणं म्हणतात ते हेच.

कौन्सिलची बाजूही फारशी सरळ नव्हती. त्यांचं म्हणणं: मालकानेच कोणी राहत नाही असं लिहून दिलं होतं, मग आम्ही कोणाला बजावायचं? शिवाय शेडचं टपाल पुढच्या दारानेच येतं, म्हणून 'भोगवटादार' लिहिलेलं पाकीट तिथे टाकलं म्हणजे सगळ्या भोगवटादारांना पोहोचलं. पहिल्या म्हणण्यावर विश्वास ठेवायचा तर त्यांची स्वतःची नोटीसच खोटी पडत होती. दुसऱ्यात थोडा दम होता.

अपिलात तिऱ्हाइतांनाही म्हणणं मांडता येतं, अपील सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत. काकांचं अपील दाखल ५ जुलैला झालं तरी रीतसर सुरू २९ जुलैला झालं, म्हणजे शेवटचा दिवस ९ सप्टेंबर. त्या वर्षी गणेश चतुर्थी शनिवारी, सातला होती. मोदकांचं सारण परतायचं सोडून आम्ही तिघं रविवारी दुपारी माझ्या जेवणाच्या टेबलावर बसलो आणि दीड पानाचं निवेदन लिहिलं. तो दर ओळीला विचारत होता, "हे लिहायलाच हवं का?" व्हिसाची भीती मी हसण्यावारी नेली नाही. निवेदन दोन्ही पक्षांना दिसतं हे स्पष्ट सांगितलं. पण वैध व्हिसावर असलेल्या माणसाने बेकायदा खोलीत भाड्याने राहणं म्हणजे व्हिसाचा भंग नव्हे, हेही सांगितलं. मग त्याने लिहिलं: सप्टेंबर २०२३मध्ये आलो, आलो तेव्हा खोली काही महिने रिकामी होती आणि शेगडी नवी कोरी होती, भाडं कोणाला देतो, नोटीस १९ जुलैला तोंडी कळली, प्रत मिळाली असती तर आम्ही एकच गोष्ट मागितली असती, वेळ, कारण डिसेंबरात बाळ येणार आहे.

त्यातलं 'रिकामी होती' आणि 'नवी कोरी' हे काकांच्या 'डी'चं काय करणार, ते मला लिहितानाच दिसत होतं. दोघांना मी ते सांगितलं. ती म्हणाली, "खरं तेच आहे ना, मग राहू दे."

इन्स्पेक्टर मार्च २०२५मध्ये जागा पाहून गेले आणि एप्रिलमध्ये निकाल आला. 'डी' दोन परिच्छेदांत आटोपला. वापर सलग होता हे सिद्ध करणं अपील करणाऱ्याचं काम; काकांकडे ना करार होते, ना वेगळी बिलं, ना कौन्सिल टॅक्सची नोंद. २०२०चं वर्ष तर कोरंच होतं. आणि शेडमधल्यांचं स्वतःचं निवेदन मध्ये खंड पडल्याचं सांगत होतं. ज्यांच्यासाठी काकांनी 'ई' मांडला होता, त्यांनीच त्यांचा 'डी' पाडला.

'ई'वर इन्स्पेक्टरांनी चार पानं खर्ची घातली, आणि निकालपत्राचा तोच भाग वाचण्यासारखा आहे. ३ जूनला जोडपं भोगवटादार होतं, हे पहिलं. शेडचं वर्णन नसलेलं, मुख्य घराच्या दारात टाकलेलं एक पाकीट म्हणजे त्यांना झालेली बजावणी नव्हे, हे दुसरं. कौन्सिलला तिथे लोक राहत असल्याचं माहीत होतं, आणि शेडच्या दाराशी जाणं अजिबात अवघड नव्हतं. म्हणजे कौन्सिल चुकली. तिसरं, कोणाचं काय बिघडलं? काकांचं काहीच नाही. त्यांना प्रत मिळाली, हवे ते मुद्दे घेऊन ते वेळेत आले. जोडप्याचा स्वतंत्र अपिलाचा हक्क गेला हे खरं, पण त्यांना जे मागायचं होतं ते 'जी'खाली पुढे आलंच होतं, निवेदन मुदतीत आलं होतं आणि पूर्ण विचारात घेतलं होतं. अपील चालू असेपर्यंत नोटीस लागू होत नाही, त्यामुळे बाळंतपणही त्याच घरातून पार पडलं होतं. सबब चुकीकडे दुर्लक्ष. 'जी' मान्य झाला. सहा महिन्यांचे नऊ झाले.

मला निकाल बरोबर वाटतो आणि तरी खुपतो. नुकसान झालं नाही, कारण दोघं नशिबाने मंडळात कोणाला तरी भेटली आणि मुदतीत निवेदन गेलं. ती घाबरून गप्प बसली असती किंवा आठवड्यात निघून गेली असती, तर नुकसान झालं असतं, पण ते इन्स्पेक्टरांच्या कानावर घालायला कोणी उरलं नसतं. 'ई' जिंकला असता तरी हाती काय येणार होतं, हेही खरं. नोटीस रद्द झाली असती आणि कौन्सिलने नवी काढून या वेळी नीट बजावली असती. एकदा कारवाईचा प्रयत्न झाला असला की पुढची चार वर्षं दुसरी नोटीस काढता येते. काही महिने मिळाले असते. अपिलाने ते तसेही मिळालेच.

निकालानंतर काकांनी एजंटकडून माझा नंबर मिळवून पुण्याहून फोन केला. राग नव्हता, कुतूहल होतं. शेगडी आणि शॉवर काढला, नोटीस पाळली, की एखाद-दोन वर्षांनी पुन्हा भाड्याने देता येईल का? मी म्हटलं, काका, कलम १८१ बघा. नोटीस पाळली म्हणून संपत नाही. ती जमिनीला चिकटून राहते, तोच वापर पुन्हा सुरू झाला की पुन्हा गुन्हा. कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये तिची नोंद असते, त्यामुळे घर विकलं तरी घेणाऱ्याच्या वकिलाला ती दिसते, आणि उद्याचा भाडेकरू 'मला माहीतच नव्हतं' असं म्हणू शकत नाही. थोडा वेळ शांतता. मग त्यांनी विचारलं, "आणि पीसीएनचं?" त्याबद्दल स्वतःचा वकील गाठा, एवढंच मी सांगितलं.

मे महिन्यात कौन्सिलने पालन कधीपर्यंत करायचं याची आठवण करून देणारी पत्रं पाठवली. त्या दुपारी नाशिककराचा मेसेज आला, सोबत फोटो. बोळाच्या फाटकाला प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेलं, दोन पट्ट्यांनी आवळून बांधलेलं पत्र, वर ठळक अक्षरांत 'भोगवटादार, मागची आउटबिल्डिंग'. खाली त्याने लिहिलं होतं: "ताई, दारावर पण आला होता. रात्रपाळी करून नुकताच झोपलो होतो, उठवून हातात दिलं. नाव विचारलं, स्पेलिंग दोनदा विचारलं. बाळ रडत होतं तर म्हणाला सॉरी."